मूल वाढवलं आम्ही, मग आता साधं भेटायचं तरी का नाही?

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं एकाच विषयावरची निघाली. मावशी, आजोबा, मामा, एक सावत्र आई, आणि एक पत्र चक्क पलीकडच्या बाजूचं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज हाच विषय. पत्रं बरीच कापावी लागली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढलेत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, माझी मोठी बहीण आजारपणात गेली तेव्हा तिची मुलगी अकरा महिन्यांची होती. भावोजींची नोकरी फिरतीची, त्यांच्या घरी करणारं कोणी नाही, म्हणून मी आणि आमच्या ह्यांनी तिला आमच्याकडे आणलं. पाच वर्षं ती आमच्याकडेच होती, शाळेत आम्हीच घातलं, मला आईच म्हणायची. मग भावोजींनी दुसरं लग्न केलं आणि तिला घेऊन गेले. आम्ही अडवलं नाही, बाप आहे तो. पण आता सहा महिने झाले फोन उचलत नाहीत, शाळेत गेले तर बाईंनी सांगितलं की वडिलांनी भेटणाऱ्यांच्या लिस्टमधून तुमचं नाव काढलंय. कोर्टात गेले तर भेटायचा हक्क मिळेल का? सगळे म्हणतात मावशीला कसला आलाय हक्क. (एक मावशी)

उत्तर: सगळे म्हणतात ते अर्धं खरं आहे. आपल्याकडे आजी-आजोबा, मावशी, आत्या, काका यांना भेटीचा हक्क आहे असं स्पष्ट सांगणारा वेगळा कायदाच नाही. पण म्हणून दार बंद आहे असं नाही. 1984 च्या फॅमिली कोर्ट कायद्यात कोर्टापुढे कोणती प्रकरणं येऊ शकतात त्याची यादी आहे, कलम 7 मधे, आणि त्यात मुलाचं पालकत्व, ताबा यांच्याबरोबर मुलाची भेट म्हणजे अ‍ॅक्सेस हासुद्धा शब्द आहे. तो अ‍ॅक्सेस फक्त आईबापच मागू शकतात असं तिथे लिहिलेलं नाही. दुसरा कायदा 1890 चा, गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट, इतका जुना पण रोज वापरात असलेला आणि सगळ्या धर्मांना लागू. त्याच्या कलम 8 मधे मुलाचा पालक नेमावा म्हणून कोण अर्ज करू शकतं ते दिलंय, त्यात मुलाचा कोणीही नातेवाईक इतकंच काय मित्रसुद्धा येतो. म्हणजे तुम्ही कोर्टाच्या दारात उभ्या राहू शकता, कोणी तुम्हाला तुमचा काय संबंध म्हणून परत पाठवू शकत नाही.

आत गेल्यावर काय, हा खरा प्रश्न. तुमच्या प्रकरणासारखंच एक प्रकरण 2019 मधे सुप्रीम कोर्टात गेलं होतं. बाळाची आई कॅन्सरने गेली, वडील स्वतः आजारी होते, बाळ आईच्या बहिणींनी आणि भावाने सांभाळलं. वडील बरे झाल्यावर मूल परत मागायला लागले, नातेवाईक देईनात. कोर्टाने ताबा वडिलांना दिला. पण बाळ ज्या माणसांना ओळखतं ती एकदम नाहीशी होऊ नयेत म्हणून नातेवाइकांना भेटायची मुभाही त्याच निकालात दिली. तुम्हाला यातून दोन्ही गोष्टी घ्यायच्यात. तुमच्या भावोजींकडून मुलगी काढून घेणं जवळपास अशक्य आहे आणि (माझं स्पष्ट मत) तुम्ही ते मागूही नये. भेट मात्र मागता येते.

हे मी मुद्दाम सांगतेय कारण तुम्हाला असा सल्ला देणारे भेटतील की आधी ताबाच मागून टाका, मग तडजोडीत निदान भेट तरी पदरात पडेल. बाजारातली घासाघीस म्हणून ठीक असेल, पण इथे समोर एक नवीन लग्न झालेला बाप आणि एक नवीन आई आहे ज्यांना आधीच भीती आहे की ही मुलगी आपली होणारच नाही. ताब्याची नोटीस घरात आली की ती भीती खरी ठरते आणि मग महिन्यातून दोन तासांची भेटसुद्धा त्यांना मुलगी पळवण्याची तयारी वाटायला लागते.

अर्जात काय लिहायचं ते आता. मी पाच वर्षं खस्ता खाल्ल्या, माझ्या मुलांकडे दुर्लक्ष करून हिला वाढवलं, हे सगळं खरं असेल पण कोर्टाला त्याचं बक्षीस द्यायचं नसतं. त्या 1890 च्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे बघायचं असतं मुलाचं हित. हिंदू कुटुंब असेल तर 1956 चा मायनॉरिटी अँड गार्डियनशिप कायदा आहे, त्याचं कलम 13 पण तेच म्हणतं, हित सगळ्यात वर. म्हणून अर्जातलं प्रत्येक वाक्य मुलीच्या बाजूने लिहा. ती अकरा महिन्यांची असल्यापासून रोज रात्री कोणाजवळ झोपत होती, आजारी पडली की कोणाला हाक मारायची, तुमची मुलं तिची भावंडं म्हणून वाढली आणि ती पण एका दिवसात गेली. आणि ती मला आईच म्हणायची हे तुमच्या दृष्टीने सगळ्यात मोठं वाक्य असलं तरी ते पहिल्या पानावर नको. समोरच्या घरात आता ती जागा दुसऱ्या बाईला मिळायला हवीये. उलट तुम्ही स्वतःहून लिहा की तिला वडील आणि आई आहेत, मला मावशी म्हणूनच भेटायचंय. न्यायाधीशांचा निम्मा ताण तिथेच उतरतो.

पुरावे आजच गोळा करा. लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांचे कागद, शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म ज्यावर तुमची सही आहे, पालकसभेच्या नोंदी. फोटो तर हजार असतील, पण हजार नका लावू, दर वर्षाचे दोन-तीन पुरेत. आणि सगळ्यात भारी पुरावा म्हणजे भावोजींचे स्वतःचे मेसेज, तुमच्यामुळे मी निर्धास्त आहे, तिला डॉक्टरकडे नेलंत बरं झालं, असले. फोन बदलायच्या किंवा रिसेट करायच्या आधी ते बाहेर काढून ठेवा. बायका हमखास जुना फोन मुलांना खेळायला देऊन टाकतात आणि मग वकिलाकडे येऊन रडतात.

मागणी छोटी आणि मोजता येईल अशी ठेवा. महिन्यातून अमुक एका रविवारी अमुक इतके तास, आठवड्यातून एक व्हिडिओ कॉल, सुट्टीत दोन-तीन दिवस. लिबरल अ‍ॅक्सेस मिळावा असं मोघम लिहिलं की त्यातून फक्त पुढची भांडणं निघतात. कॉलचा मुद्दा कमी समजू नका. 2020 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की प्रत्यक्ष भेटीबरोबर संपर्काचा हक्कही मुलासाठी महत्त्वाचा आहे, दूर असलेल्या पालकाशी मुलाचं रोज पाच-दहा मिनिटं व्हिडिओवर बोलणं व्हावं. तो निकाल आईबापांबद्दलचा आहे, पण त्यातला विचार तुमचा वकील तुमच्यासाठी वापरू शकतो.

अर्ज कुठे करायचा, तर मुलगी सध्या जिथे राहते तिथल्या कोर्टात, तुमच्या गावच्या नाही. त्या आधी एक साधं पत्र भावोजींना पाठवा, वकिलाच्या भाषेतलं नको, तुमच्या भाषेतलं. मधे कोणी असेल ज्याचं ते ऐकतात तर त्याला बसवा. फॅमिली कोर्टात गेल्यावरही पहिल्यांदा समझोत्याचाच प्रयत्न होतो, कायद्यानेच तसं सांगितलंय. पण वाट बघत वर्ष घालवू नका. सहा वर्षांच्या मुलीला सहा महिने म्हणजे फार मोठा काळ. मूळ अर्जाबरोबर तात्पुरत्या भेटीचा अर्जही करायला सांगा, नाहीतर निकाल लागेपर्यंत ती तुम्हाला ओळखायची नाही आणि समोरचा वकील नेमकं तेच म्हणेल की बघा आता कुठे राहिलाय लळा. आणि शाळेच्या गेटवर परत जाऊ नका प्लीज.

प्रश्न: माझा मुलगा आणि सून यांचा घटस्फोट झालाय. नातू आठ वर्षांचा, तो सूनबाईकडे. पहिली सहा वर्षं तो आमच्या मांडीवर वाढला. मुलगा परदेशी गेला, तो नातवाला भेटायचा विषयच काढत नाही. मी वाचलं की सुप्रीम कोर्टाने आजी-आजोबांचा हक्क सगळ्यांच्या वर ठेवलाय. नातू आमच्या घराण्याचा आहे, त्या निकालाच्या आधारे आम्हाला ताबा किंवा निदान भेट मिळेल ना? (एक आजोबा)

उत्तर: काका, तुम्ही वाचलेला निकाल बहुतेक 2022 चा असणार. त्या मुलाचे आईवडील दोघेही कोविडमधे गेले होते. हायकोर्टाने मूल मावशीकडे दिलं, तिची नोकरी, कमाई, मोठं कुटुंब वगैरे बघून. सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं आणि मूल वडिलांच्या आईवडिलांकडे दिलं, म्हटलं की नुसत्या कमाईवर आणि वयावर हे ठरत नाही, आजी-आजोबांचा जिव्हाळा मोठा. पण तिथे भांडण आजोबा आणि मावशीत होतं. आई जिवंत आहे, मुलाला नीट सांभाळतेय, अशा ठिकाणी तो निकाल तिच्याविरुद्ध चालत नाही. त्यामुळे ताब्याचा विचार सोडा.

भेटीसाठी दोन रस्ते आहेत. घटस्फोटाच्या हुकमात तुमच्या मुलाला भेट दिलेली असेल तर आधी तो कागद बघा. बऱ्याचदा त्यात सुट्टीचे दिवस, सणाचे दिवस लिहिलेले असतात आणि ते कोणी वापरतच नाही. मुलाने कोर्टाला सांगितलं की मी येईन तेव्हा भेट आईवडिलांच्या घरी होऊ द्या आणि मी नसेन तेव्हा त्यांना कॉल करू द्या, तर ते सगळ्यात कमी त्रासाचं आहे. हिंदू मॅरेज अ‍ॅक्टच्या कलम 26 खाली घटस्फोटानंतरही मुलांबाबतचे हुकूम बदलून मागता येतात. मुलगा इतकंही करणार नसेल तर वर मावशींना सांगितलं तो रस्ता, स्वतःच्या नावाने अर्ज. लॉ कमिशनने 2015 मधल्या 257 व्या अहवालात मुलांच्या ताब्याबद्दल ज्या सूचना केल्या त्यात आजी-आजोबांच्या वेळेचाही विचार केलाय. तो अहवाल म्हणजे कायदा नाही, पण वकिलाला दाखवा.

एक विनंती, घराण्याचा हा शब्द अर्जात कुठेही नको. सूनबाईंना तो शब्द वाचून काय वाटेल ते सोडा, न्यायाधीशांना वाटेल की तुम्हाला मूल हवंय ते तुमच्यासाठी. आणि आठ वर्षांच्या मुलाला न्यायाधीश स्वतः विचारू शकतात, समजण्याइतका मोठा असेल तर त्याची पसंती लक्षात घ्यावी असं कायद्यातच आहे. तो आजोबांबद्दल काय बोलेल हे शेवटच्या भेटीत तुम्ही त्याच्यासमोर त्याच्या आईबद्दल काय बोललात त्यावर अवलंबून आहे.

प्रश्न: मी अमेरिकेत असतो. बहिणीच्या मुलाला आम्ही तीन वर्षं घरी ठेवून वाढवलं, आता तिच्याशी बिनसलंय आणि ती भेटू देत नाही. इथे मामाला काही हक्क आहेत का? (याच आशयाचं एक पत्र इंग्लंडहून एका आत्याचं आहे, दोन्ही एकत्र घेते.)

उत्तर: अमेरिकेत हा विषय राज्याराज्यात वेगळा आहे, त्यामुळे तिथला फॅमिली लॉयर गाठायलाच लागेल. पण एक निकाल सगळीकडे आडवा येतो, ट्रॉक्सेल विरुद्ध ग्रॅनव्हिल, 2000 साल. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात कोणीही, कधीही मुलाची भेट मागू शकेल असं लिहिलेलं होतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की इतकं मोकळं चालणार नाही, लायक आईबाप आपल्या मुलाचं भलंच बघतात असं आधी धरायचं आणि त्यांच्या निर्णयाला वजन द्यायचं. आजी-आजोबांसाठी पन्नासही राज्यांत काही ना काही कायदा आहे, मामा-मावशीला मात्र मोजक्याच ठिकाणी नावाने जागा आहे.

तुमच्या कामाचा धागा वेगळा आहे. काही राज्यांत मुलाला प्रत्यक्षात आईबापासारखं वाढवणाऱ्या माणसाला कोर्ट मानतं. विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टाने 1995 मधे त्यासाठी चार गोष्टी सांगितल्या आणि पुढे इतर राज्यांनीही त्या उचलल्या. खऱ्या आईबापाने स्वतःच ते नातं होऊ दिलं आणि वाढवलं का, मूल तुमच्या घरी राहिलं का, तुम्ही पैशाची अपेक्षा न ठेवता पालकाची जबाबदारी घेतली का, आणि मुलाशी पालकासारखं नातं जुळण्याइतका वेळ गेला का. तीन वर्षं, बहिणीच्या संमतीने, घरी. तुमच्या राज्यात हे चालतं का एवढं वकिलाला विचारा.

इंग्लंडमधल्या ताईंसाठी: तिथे 1989 चा चिल्ड्रन अ‍ॅक्ट. आईबाप नसलेल्या माणसाला अर्ज करण्याआधी बहुतेक वेळा कोर्टाची परवानगी काढावी लागते, त्यात तुमचं मुलाशी नातं काय आणि अर्जामुळे मुलाचं आयुष्य विस्कटेल का हे बघतात. पण मूल तुमच्याकडे किमान तीन वर्षं राहिलेलं असेल तर ही परवानगी लागत नाही, फक्त ते राहणं फार जुनं झालेलं नको. तारखा नीट मोजा. आणि कोर्टाआधी मेडिएशनची म्हणजे मध्यस्थीची माहिती देणारी एक मीटिंग साधारणपणे करावीच लागते.

जाता जाता, फ्रान्सचा कायदा मला फार आवडतो. तिथल्या सिव्हिल कोडच्या कलम 371-4 मधे लिहिलंय की आजी-आजोबांशी नातं ठेवण्याचा हक्क मुलाचा आहे आणि तो फक्त मुलाच्या हितासाठीच अडवता येतो. ज्यांनी मूल घरात ठेवून वाढवलं त्यांचाही त्यात विचार केलाय. हक्क मोठ्यांचा मानला की दोन मोठ्यांची कुस्ती होते. आपल्याकडे कधीतरी नवा कायदा झाला तर असा व्हावा.

प्रश्न: नवऱ्याचा पहिल्या लग्नाचा मुलगा मी सात वर्षं वाढवला. आता आमचा घटस्फोट होतोय. रक्ताचं नातं नाही, मी काही मागू शकते का? (सावत्र हा शब्द न आवडणारी एक आई)

उत्तर: अर्जापुरतं हो, कलम 8 मधला मित्र हा शब्द मी वर सांगितला तो आठवा, म्हणजे रक्ताचं नातं नसलं तरी कोर्टात उभं राहता येतं. तरी नेहमीच्या भेटीच्या भांडणापेक्षा तुमची बाजू अवघड आहे हे खरं. पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी वरच्या कोणाकडेच नाही, तुमचा घटस्फोट अजून व्हायचाय. परस्परसंमतीने होत असेल तर समझोत्याच्या अटींमधे मुलाची भेट आत्ताच लिहून घ्या, वार आणि वेळेसकट. पोटगीच्या रकमेवर तीन बैठका होतात आणि हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत राहून जातो. तुमच्या वकिलाला तो पहिल्या बैठकीत काढायला लावा.

प्रश्न: सून दुसरं लग्न करतेय आणि नवीन घरचे नातीला कायदेशीर दत्तक घेणार असं कानावर आलंय. आमचा मुलगा हयात नाही. दत्तक झाल्यावर आम्ही कोण?

उत्तर: कायद्याच्या कागदावर फारसे कोणी नाही. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याच्या कलम 12 प्रमाणे दत्तक गेल्यावर जन्मघराशी नातं तुटलं असं धरतात, अपवाद थोडेच. म्हणून कानावर आलंय यावर बसू नका. सुनेशी बोला, तिला नव्या संसाराला शुभेच्छा द्या (मनापासून, नाहीतर नकोच) आणि भेटीचं लेखी ठरवा. ती नाहीच म्हणाली तर दत्तकाआधी अर्ज करा, नंतर तुमची बाजू फार पातळ होते.

प्रश्न: मी उलट्या बाजूची. सासूबाईंनी माझ्या मुलाला तीन वर्षं सांभाळलं, त्यांच्यामुळे माझी नोकरी टिकली हे मी नाकारत नाही. पण मी वेगळी झाल्यापासून मुलगा त्यांच्याकडून आला की विचारतो, आई तू बाबांना का सोडलंस. त्या त्याला शिकवतात. भेट पूर्ण बंद केली तर मला कोर्टात त्रास होईल का? (एक आई)

उत्तर: पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत, या बाजूची माणसं सहसा लिहीत नाहीत. आधी वेगळं काढू. मारहाण, धमकी, मुलाला परत न देणं, दारू, असलं काही असेल तर भेट थांबवा आणि कारण लेखी ठेवा, त्यात संकोच नको. तुम्ही लिहिलंय ते मात्र त्यातलं नाही. ते चीड आणणारं आहे, मुलाला त्रास देणारंही आहे, पण पूर्ण बंद करण्याइतकं आहे असं कोर्टाला पटवणं अवघड जाईल. शिवाय, तो प्रश्न मुलाला स्वतःलाही पडलेला असू शकतो, सगळंच आजीने शिकवलेलं असेल असं नाही.

वर अमेरिकेतला ट्रॉक्सेलचा निकाल सांगितला ना, त्यातल्या आईने आजी-आजोबांची भेट कधीच बंद केली नव्हती, फक्त कमी केली होती. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी हे निकालात मुद्दाम नोंदवलं आणि ते त्या आईच्या बाजूने मोजलं गेलं. कमी करणारी आई विचार करणारी दिसते, तोडणारी सूड घेणारी दिसते, मग आतली गोष्ट काहीही असो.

तुम्ही भेटीचं रूप बदला. रात्रीचा मुक्काम सध्या नको, दोन-तीन तास, तुमच्या किंवा तुमच्या विश्वासाच्या माणसासमोर. कॉल स्पीकरवर. मुलगा परत आल्यावर आजी काय म्हणाली अशी उलटतपासणी करू नका, त्याला दोन्हीकडे जपून बोलायची सवय लागते. त्याने विचारलंच तर त्याच्या वयाला झेपेल असं एक खरं वाक्य सांगा आणि तेच प्रत्येक वेळी सांगा. शाळेत काउन्सेलर असेल तर त्यांच्या कानावर घाला.

आणि सासूबाईंना मेसेज पाठवा, फोन नको, फोनवर तुमचं भांडण होईल. मी तुमच्यासाठी लिहूनच देते: आई, तुम्ही त्याला सांभाळलंत हे मी विसरलेले नाही. त्याने तुम्हाला भेटावं असं मलाही वाटतं. आमच्या वेगळं होण्याबद्दल त्याच्यासमोर कोणीच बोलायचं नाही, मीही तुमच्याबद्दल बोलणार नाही. पुढचे दोन महिने दर दुसऱ्या शनिवारी चार ते सहा या, मग जमलं तर वाढवू. यातला शनिवार आणि वेळ तुमच्या सोयीने बदला, बाकी शब्द बदलू नका. त्यांचं उत्तर काहीही आलं, रागाचं आलं तरी, वाद न घालता येताय ना एवढंच विचारा आणि दोन्ही मेसेज जपून ठेवा.